हॅकिन्टॉश टाकल्यापासून लॅपटॉप ९५ अंशांवर जातो आणि मग मंदावतो, काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की विंडोज काढून मॅकओएस टाकलं (अ‍ॅपलचं नसलेल्या मशीनवर मॅकओएस, म्हणजेच हॅकिन्टॉश), आता व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे जातो, वेग ०.८ गिगाहर्ट्झवर येतो आणि अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कर्नल टास्क सगळ्यात वर दिसतं. कर्नल टास्कच्या मागे लागू नका. चिप तापली की ते बाकीच्या प्रोग्रॅमना प्रोसेसर कमी मिळू देतं.

आधी ताप मशीनचा की सिस्टिमचा, ते ठरवा. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि त्याच खोलीत, त्याच वेळी, तसंच जड काम लावा. तिथेही तितकंच तापलं तर ओपनकोअरच्या (मॅकओएस बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फायलीत डोकं घालू नका, सरळ लॅपटॉप उघडा. नागपूरच्या मे महिन्यात खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असली, तर तेवढ्याच वॉटला चिपही साधारण १५ अंशांनी जास्त तापणार. त्यात आपले कूलर, म्हणजे ओलसर हवा, धूळ चिकटून बसते. पंख्याच्या पात्यांवर फारसं काही दिसत नाही, पण पंखा सोडवला की त्याच्या आणि हीटसिंकच्या जाळीच्या मधून धुळीची राखाडी पट्टी निघते, नमद्यासारखी, चिमटीत धरून अख्खी. बाहेरून ब्लोअर मारून ती हलत नाही. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुरुस्तीला देणार असाल तर पंखा काढून साफ करायला आणि थर्मल पेस्ट बदलायला सांगा, आणि समोर बसा.

लिनक्समध्ये थंड राहिला, तर गडबड मॅकओएसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये. पहिला संशय एनव्हिडियाच्या कार्डावर. लॅपटॉपमधलं ते कार्ड मॅकओएस वापरत नाही, पण त्याची वीज चालूच राहते आणि ते उगाच तापतं. ते बंद करणारी एसएसडीटी, म्हणजे ओपनकोअर बूटच्या वेळी लोड करतं ती हार्डवेअरची छोटी फाइल, टाका; बरेच लोक इथेच सुटतात. मग एसएमबायोस बघा, म्हणजे हे मशीन कोणतं मॅक मॉडेल आहे असं मॅकओएसला सांगितलंय ते. १५ वॉटच्या चिपला आयमॅकचा एसएमबायोस लावलेले महाभाग मी पाहिलेत. तुमच्याच प्रोसेसरच्या पिढीच्या आणि तेवढ्याच वॉटच्या मॅकबुकचा घ्या. आयओरजिस्ट्रीएक्सप्लोररमध्ये (हार्डवेअर आणि त्याचे ड्रायव्हर दाखवणारं अ‍ॅप) पहिल्या कोअरखाली एक्स८६प्लॅटफॉर्मप्लगइन, म्हणजे मॅकओएसचा प्रोसेसरची पॉवर सांभाळणारा ड्रायव्हर, दिसायला हवा. तो आहे, तरी मशीन रिकामं बसल्यावर वेग खाली येत नसेल, तर सीपीयूफ्रेंड (प्रोसेसरच्या वेगाची सेटिंग बदलू देणारं एक्स्टेन्शन) वापरा. नुकतंच इन्स्टॉल केलं असेल तर स्पॉटलाइटचं इंडेक्सिंग संपेपर्यंत थांबा, तोवरचे आकडे धरू नका.

आता ते ०.८. थंड झाल्यावर वेग परत चढत असेल तर तो तापण्याचाच भाग. पण सकाळी गार मशीन चालू केल्या केल्याही तिथेच अडकला असेल, तर बहुधा मदरबोर्डवरून प्रॉकहॉटचा, म्हणजे ‘प्रोसेसर फार तापलाय’ असा, खोटा इशारा येतोय. काही लॅपटॉप चार्जर ओळखू शकले नाहीत तरी असंच करतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवा, मग दुसरा ओरिजिनल चार्जर लावून बघा, आणि काय दिसलं ते इथे लिहा.