वाचक विचारतात : रिपोर्टमधले आकडे डोक्यात टिकत का नाहीत?

प्रश्न : मॅडम, नर्सिंगच्या परवाना परीक्षेला सात आठवडे उरलेत. तपासण्यांच्या नॉर्मल आकड्यांचा साठ ओळींचा तक्ता मी भिंतीवर लावला आहे. सकाळी घडाघडा म्हणते, संध्याकाळपर्यंत मॅग्नेशियम आणि फॉस्फरसची अदलाबदल झालेली असते. सराव परीक्षेत तर आकडा आठवूनही उत्तर चुकतं. वॉर्डात दोन वर्षं काम केलंय, त्यामुळे जास्तच लाज वाटते. पाठ कसं करू?

उत्तर : लाज कसली? वॉर्डातल्या रिपोर्टवर आकड्याशेजारीच नॉर्मल मर्यादा छापलेली असते आणि बिघडलेल्या आकड्यापुढे बाण असतो. दोन वर्षं तुझे डोळे बाण शोधत होते. आकडा लक्षात ठेवायची वेळच आली नाही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘आकडा आठवूनही उत्तर चुकतं’ हे. पोटॅशियम किती असावं, असं परीक्षेत सरळ क्वचितच विचारतात. चार पेशंट दिले जातात आणि आधी कुणाकडे जाशील, असा प्रश्न असतो. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्याचं क्रिएटिनीन ४.२. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांत हवा अडकण्याचा जुना आजार असलेल्या पेशंटचा रक्तातला कार्बन डायऑक्साइड ५०. मधुमेह असलेल्याची साखर २१०. आणि काल थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या बाईंचं कॅल्शियम ७.४. चारही आकडे मर्यादेबाहेर आहेत, त्यामुळे नुसता तक्ता पाठ असलेली मुलगी इथे अडकते. पहिल्या तिघांचे आकडे त्यांच्या आजारात अपेक्षित आहेत. बाईंच्या मानेतल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींना ऑपरेशनमध्ये धक्का लागलेला असू शकतो. ओठांभोवती मुंग्या येण्यापासून सुरू होऊन स्वरयंत्र आवळून श्वास अडेपर्यंत मजल जाऊ शकते. आधी त्यांच्याकडे जायचं.

उलटही होतं, आणि ते मला एका रात्रपाळीने शिकवलं. नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. डीकेएचा एक तरुण पेशंट आला, म्हणजे मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचलेलं. साखर ५४०, पीएच ७.१, पोटॅशियम ४.९. हँडओव्हरच्या वहीत मी ‘पोटॅशियम नॉर्मल’ असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. सीनियर सिस्टरनी ते वाचलं आणि मला परत बोलावलं. “नॉर्मल आहे म्हणूनच मला भीती वाटतेय. इन्सुलिन चालू झालंय ना? दोन तासांनी सँपल परत पाठव.” दोन तासांनी ४.१ आलं, चार तासांनी ३.३. तोवर त्यांनी डॉक्टरांना कळवून सलाइनमधून पोटॅशियम सुरूही करून घेतलं होतं, आणि मॉनिटरवर हृदयाच्या आलेखातली टी लहर सपाट होतेय का, म्हणजे पोटॅशियम फार उतरतंय का, ते मला दर थोड्या वेळाने बघायला लावत होत्या.

कारण त्यांनी पहाटे समजावलं. डीकेएमध्ये पोटॅशियम पेशींमधून रक्तात येतं आणि लघवीवाटे वाहून जातं. कोठार रिकामं झालेलं असतं, तरी रक्तातला आकडा छान दिसतो. इन्सुलिन दिलं की उरलेलं पोटॅशियम पेशींत परत शिरतं आणि रक्तातला आकडा भराभर खाली येतो. ३.५ ते ५ ही मर्यादा मी त्या रात्रीनंतर कधीच विसरले नाही. पाठांतर मी आधीही केलं होतं, पण आकडा चिकटला तो त्या मुलाच्या चेहऱ्यामुळे.

म्हणून माझं सांगणं असं, की साठ ओळींचा तक्ता खाली उतरव. वीस-बावीस आकडे निवड आणि प्रत्येकाला एक पेशंट, एक औषध किंवा एक धोका जोड.

सुरुवात ३५-४५ या जोडीपासून कर. सोडियम १३५ ते १४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, पीएच ७.३५ ते ७.४५. एकाच जोडीत तीन तपासण्या झाल्या. बायकार्बोनेट २२ ते २६ त्यांच्याशेजारी लिहिलंस की रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा मोठा भाग हातात आला. पोटॅशियम ३.५ ते ५ आणि रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिनही ३.५ ते ५, एकक तेवढं वेगळं. तुझी अदलाबदल होते त्यावर उपाय असा : मॅग्नेशियम १.५ ते २.५ मिलीइक्विव्हॅलंट, फॉस्फरस २.५ ते ४.५ मिलिग्रॅम. मॅग्नेशियम अडीचला थांबतं, तिथून फॉस्फरस सुरू होतो. मग त्यांना पेशंट दे. मॅग्नेशियमला गरोदरपणात रक्तदाब वाढून झटक्यांचा धोका असलेली, मॅग्नेशियम सल्फेट चालू असलेली बाई. तिचं मॅग्नेशियम आपण मुद्दाम वर नेलेलं असतं, म्हणून गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वासाचा वेग आणि लघवी बघत राहायचं. रिफ्लेक्स गेला तर तो धोक्याचा इशारा, आणि त्यावर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं. फॉस्फरसला डायलिसिसचा पेशंट : फॉस्फरस वर, कॅल्शियम खाली.

औषधांच्या जोड्यांवर जास्त वेळ दे, कारण मुलींचे गुण तिथेच जाताना मी पाहते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, १ आला, तर तक्त्याप्रमाणे तो नॉर्मल आहे, पण त्याच्यासाठी औषध पुरेसं लागू पडत नसल्याची खूण आहे. बहुतेक कारणांसाठी तो २ ते ३ हवा असतो. रक्त पातळ करणारंच हेपरिन चालू असेल, तर एपीटीटी ही गोठण्याच्या वेळेची दुसरी तपासणी नेहमीच्या दीड ते अडीच पट हवी. हृदयाचं औषध डिगॉक्सिन देण्याआधी नाडी मोजायची हे तुला माहीत आहेच, पोटॅशियमही बघ. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरलेलं असेल, तर डिगॉक्सिनची पातळी मर्यादेत असूनही विषबाधा होऊ शकते. मानसिक आजारात देतात ते लिथियम ०.६ ते १.२, दीडच्या वर विषबाधेची भीती. त्याला जुलाब लागलेला पेशंट जोड, कारण शरीरातलं सोडियम आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात.

आणि आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी सँपलकडे बघायची सवय लाव. पोटॅशियम ६.८ आलं, पेशंट मात्र निवांत गप्पा मारतोय. मग सँपल हिमोलाइज झालं का, म्हणजे नळीतच रक्तपेशी फुटून त्यांतलं पोटॅशियम बाहेर आलं का? दंडाला पट्टा फार वेळ बांधून मूठ उघडझाप करायला लावली होती का? तरीही आधी मॉनिटर बघ आणि डॉक्टरांना कळव, मग नवं सँपल पाठव. कॅल्शियम कमी दिसलं तर अल्ब्युमिन बघ, ते कमी असलं की कॅल्शियमचा आकडाही कमी दिसतो. बारीक, म्हाताऱ्या पेशंटचं क्रिएटिनीन १ असलं तरी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत असं समजू नकोस, स्नायूच कमी असल्यामुळे तो आकडा वर जात नाही.

रोजचा सराव मात्र कोऱ्या कागदावर. तक्ता वाचत बसलं की सगळं येतंय असं वाटतं, आणि तेच फसवं. पाच मिनिटांत सगळे आकडे न बघता लिही, मग तपास, आणि चुकलेले तेवढेच संध्याकाळी परत लिही. ड्युटीवर रिपोर्ट आला की छापलेल्या मर्यादेवर अंगठा ठेव, आधी स्वतः सांग, मग अंगठा उचल. दिवसाला दहा रिपोर्ट तरी तुझ्या हातून जात असतील.

प्रश्न : मी ज्या देशासाठी परीक्षा देते आहे तिथे मिलिमोल वापरतात. सगळे आकडे नव्याने पाठ करावे लागतील का?

उत्तर : नाही. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट यांचे मिलीइक्विव्हॅलंट आणि मिलिमोल सारखेच असतात, कारण त्यांचा विद्युतभार एक आहे. साखरेला १८ ने भाग : १०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण ५.६ मिलिमोल. कॅल्शियमला ४ ने भाग, १० चे २.५ होतात. क्रिएटिनीनला ८८ ने गुण, म्हणजे १ मिलिग्रॅमचे सुमारे ८८ मायक्रोमोल. पण प्रश्न सोडवताना गणित करत बसू नका. एकदाच बदलून वहीत उतरवा आणि पुढे सगळा सराव त्याच एककात करा, म्हणजे साखर ३ वाचल्याबरोबर छातीत धस्स झालं पाहिजे. ती ५४ मिलिग्रॅम आहे.

प्रश्न : एका पुस्तकात पांढऱ्या पेशी ५,००० ते १०,००० आहेत, दुसऱ्यात ४,५०० ते ११,०००. खरं कोणतं धरू?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेची यंत्रं आणि पद्धत वेगळी, म्हणून मर्यादाही थोड्या सरकतात. एकच पुस्तक धरा आणि परीक्षेपर्यंत बदलू नका. नीट तयार केलेला प्रश्न १०,४०० वर तुम्हाला अडवत नाही. तो केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी १,२०० देतो, आणि त्याच्या खोलीत सर्दी झालेला पाहुणा बसलेला असतो.