अमरिलिसचा कंद कापताना तळाची चकती सांभाळा

प्रश्न : अमरिलिसचा कंद चांगला मोठा झालाय, फूलही दरवर्षी येते, पण बाजूला पिल्ले धरत नाहीत. कंद कापून रोपे होतील का? शिवाय ग्लॅडिओलस काढताना कंदाखाली वाटाण्याएवढे दाणे निघतात, ते ठेवावेत की टाकावेत?

उत्तर : रोपे होतील. मात्र कंद कापला की आईचा कंद गेला, म्हणून एकच कंद असेल तर घाई नको. पानांवर पिवळट पट्टे किंवा चट्टे असतील तर तो कंद अजिबात वापरू नका. विषाणू असल्यास प्रत्येक पिल्लात उतरतो.

पाने वाळून कंद विश्रांतीत गेला की काढा. मुळे आखूड करा, शेंडा छाटा आणि कंद तळ वर करून ठेवा. मुळे फुटतात ती कडक चकती दिसेल. सगळी मेख तिथेच आहे. नवा कोंब खवला (कंदाचा कांद्यासारखा एकेक थर) आणि चकती जुळतात त्या सांध्यातून येतो, त्यामुळे चकतीचा तुकडा न लागलेला खवला कितीही जाड असला तरी शेवटी सडतोच. धारदार सुरी स्पिरिटने पुसून वरून खाली उभे काप घ्या. मोठ्या कंदाच्या 8 ते 12 फोडी होतात. रसाने हाताला खाज सुटते, हातमोजे घाला.

फोडी कॅप्टन या बुरशीनाशकाच्या द्रावणात (1 लिटर पाण्यात 2 ग्रॅम) 20 मिनिटे बुडवा, निथळू द्या. मग ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारे हलके खनिज) किंवा कोकोपीटसोबत पिशवीत भरून अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी टपकता कामा नये. फोडी कुजतात त्या बहुतेक जास्त ओलीमुळेच. दर आठवड्याला पिशवी उघडून बुरशी लागलेली फोड काढून टाका. दोन-तीन महिन्यांत खवल्यांच्या मधोमध, चकतीला चिकटून पांढरे मणी दिसू लागतील. ते फोडीसकट कुंडीत लावा, टोक मातीवर राहू द्या. फुलासाठी साधारण तीन वर्षे धीर धरावा लागेल.

ग्लॅडिओलसचे दाणे टाकू नका, ते बियाणेच आहे. सावलीत सुकवून हवेशीर, थंड जागी ठेवा. लगेच लावल्यास उगवत नाहीत, कारण ते सुप्तावस्थेत असतात. लागवडीच्या आदल्या रात्री पाण्यात भिजवा, म्हणजे टणक साल नरम पडते. पहिल्या हंगामात नुसती गवतासारखी पाने येतील. ती हिरवी असेपर्यंत कापू नका, खालचा कंद त्यांच्यावरच पोसतो.