आजच्या काळातही समुद्रात चाचेगिरी का होते? गरिबी हेच मूळ कारण ना?

नाही. गरिबी हे मूळ कारण नाही. हेच मी माझ्या थोरल्या चुलतभावाला कित्येक वर्षं सांगतोय आणि त्याला ते पटत नाही. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की सोमालियातल्या कोळ्यांचे मासे परदेशी ट्रॉलरनी पळवले, ती पोरं उपाशी राहिली आणि नाइलाजाने चाचे झाली. दादाचंही अगदी हेच म्हणणं. धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत जाणार म्हणून तुम्ही विचारताय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मी हर्णैचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. मी जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाचा कोर्स, करून बोटीवर गेलो आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून रिटायर झालो. सोमाली चाच्यांची शिडी मी स्वतःच्या हाताने रेझर वायरमधून, म्हणजे धारदार पात्यांच्या तारेतून, सोडवून काढली आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

२०११ चा मार्च. जॉर्डनच्या अकाबा बंदरातून पोटॅश (खत) भरून काकिनाड्याला निघालो होतो. जुनं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, फुल लोड. मेन डेक पाण्यापासून जेमतेम चार-पाच मीटर, आणि इंजिन कितीही ताणलं तरी बारा नॉटच्या वर जाईना. चाच्यांना असलंच जहाज हवं असतं. एडनच्या आखातात जहाजांसाठी ठरवून दिलेला कॉरिडॉर होता, नौदलांच्या बोटी दिसायच्या, जहाजं गट करून जायची. कॉरिडॉर संपला की पुढे मोकळा अरबी समुद्र, आणि त्या सुमारास चाचे पार आपल्या लक्षद्वीपपर्यंत येऊन पोचले होते. पावसाळ्यात त्यांच्या होड्या बाहेर पडत नाहीत, आपल्याकडच्यासारखंच. मार्चमध्ये दर्या शांत, म्हणजे त्यांचा हंगाम.

कॅप्टनने जेवढी रेझर वायर मागितली होती तिच्या निम्मीच कंपनीने पाठवली. ऑफिसातल्या साहेबाचं म्हणणं, एका ट्रिपसाठी एवढा खर्च कशाला. आम्ही ती स्टर्नला, म्हणजे मागे, दुहेरी आणि मध्ये एकेरी बांधली, पुढे बांधायला उरलीच नाही. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीच्या, दोन्ही बाजूंना बाहुले उभे केले, लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून.

सकाळी रडारवर एक ढाव, म्हणजे मोठी लाकडी होडी, दिसली, जागची हलत नव्हती. थोड्या वेळाने तिच्यातून दोन बारीक ठिपके सुटले आणि सरळ आमच्याकडे वळले. कॅप्टनने अलार्म दिला, फायर होज सुरू केले, बाकीच्यांना मागच्या स्टिअरिंग यंत्राच्या खोलीत कोंडून घ्यायला पाठवलं. ब्रिजवर कॅप्टन, सेकंड मेट, व्हीलवर एक एबी (अनुभवी खलाशी) आणि दुर्बीण घेऊन मी. गोळ्या सुटल्या तेव्हा आधी आवाजच कळला नाही, ब्रिजच्या खालच्या पत्र्यावर काहीतरी टणटणलं एवढंच. एक स्किफ, म्हणजे त्यांची छोटी वेगवान होडी, डाव्या बाजूने मागे येऊन चिकटली. पुढे उभं होतं एक पोर, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं, अंगात विटका फुटबॉलचा जर्सी. त्याने शिडी उचलून रेलिंगला लावली, ती वायरमध्ये अडकली, आणि तो चढायलाही लागला. कॅप्टन ओरडला, एबीने व्हील पूर्ण फिरवलं, स्टर्न बाहेर गेली, स्किफ आपटून दूर फेकली गेली आणि पोर पाण्यात पडलं. त्याला त्यांनी ओढून वर घेतलं. परत आले, परत गोळ्या झाडल्या. आम्ही डावी-उजवी वळणं घेतच होतो. अर्ध्या-पाऊण तासाने त्यांनी नाद सोडला.

शिडी तिथेच लटकत राहिली. संध्याकाळी मी ती काढली. ॲल्युमिनियमची, हलकी, दोन तुकडे जोडून लांब केलेली. वरचे हूक बांधकामाच्या सळीचे, वाकवून वेल्ड केलेले, आणि त्यांच्यावर रबरी ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या, रेलिंगला लागल्यावर आवाज होऊ नये म्हणून. हे काम भुकेपोटी घाईघाईत केलेलं नव्हतं. ज्याने ते केलं त्याने अशा शिड्या आधीही केल्या होत्या. स्किफच्या मागे दोन-दोन नवीकोरी आउटबोर्ड इंजिनं होती. आमच्या बंदरात त्या ताकदीचं एक इंजिन घ्यायचं तर नाखवा सोसायटीचं कर्ज काढतो. उपाशी कोळ्याकडे चार इंजिनं, ढावभर डिझेल आणि बंदुका आल्या कुठून?

याचं उत्तर पुढे जागतिक बँकेच्या २०१३ च्या अहवालात मिळालं. २००५ ते २०१२ या काळात हॉर्न ऑफ आफ्रिकाजवळच्या (सोमालिया आणि आसपासच्या) चाच्यांनी ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी घेतली असा त्यांचा अंदाज आहे. प्रत्यक्ष जहाजावर चढणाऱ्या पोराला एका जहाजामागे ३० ते ७५ हजार डॉलर. स्वतःची बंदूक किंवा शिडी घेऊन येणाऱ्याला वर १० हजारांपर्यंत बक्षीस. मोठा वाटा पैसे लावणाऱ्याचा, आणि तो किनाऱ्यावर सावलीत बसलेला असतो. मोहम्मद अब्दी हसन ऊर्फ 'अफवेने' हा त्यांतला नावाजलेला. मध्य सोमालियातल्या हरारधेरे-होब्योच्या पट्ट्यात त्याने गुंतवणूकदार जमवले आणि ईशान्येकडच्या पंटलँडमधली अनुभवी माणसं आणून धंदा बसवला. बेल्जियमच्या पोलिसांनी त्याच्यावर सिनेमा काढायचाय असं भासवून त्याला २०१३ मध्ये ब्रसेल्सला बोलावलं आणि विमानतळावरच धरलं. २०१६ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. हा माणूस कोळी नव्हता आणि उपाशीही नव्हता.

आता कोळ्यांच्या तक्रारीबद्दल. ती खरी आहे, ती मी कधीच नाकारली नाही. जानेवारी १९९१ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारेचं सरकार कोसळलं, त्याबरोबर नौदल आणि किनारा पोलीसही संपले. तीन हजार किलोमीटरहून लांब किनारा, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत लांब, आणि त्यावर पहारा कुणाचाच नाही. युरोप-आशियाचे ट्रॉलर घुसले, स्थानिकांची जाळी तोडून गेले. विषारी कचराही टाकला जायचा, आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर गंजलेली पिंपं किनाऱ्याला लागल्याच्या बातम्या आल्या. एयल, गराअद या गावांतल्या कोळ्यांनी सुरुवातीला काय केलं? बाहेरचा ट्रॉलर धरला आणि दंड घेतला.

आता मालवणला काय होतं ते बघा. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर आत घुसले की आपली माणसंही चिडून समुद्रात जातात आणि एखादा पकडतात. पण पकडून बंदराला आणतात आणि मत्स्य विभागाच्या ताब्यात देतात. मासेमारीचा १९८१ चा कायदा आहे, सुनावणी होते, दंड होतो. उशिरा होतो, कमी होतो, कधी कधी साटंलोटंही असतं. पण पकडलेली बोट कुठे नेऊन द्यायची ते ठिकाण आहे. सोमाली कोळ्याला ते ठिकाण नव्हतं. मग दंड त्यानेच ठरवला, त्यानेच घेतला आणि त्यानेच खिशात घातला. एकदा तसे पैसे मिळाले की ट्रॉलरच कशाला? धान्याचं जहाज चालतं, तेलाचं चालतं. नोव्हेंबर २००८ मध्ये केनियाच्या किनाऱ्यापासून साडेचारशे मैलांवर 'सिरियस स्टार' हा सौदी टँकर पकडला, वीस लाख पिंपं तेल घेऊन जाणारा. तो कुणाचे मासे पळवत होता? दोन महिन्यांनी खंडणी विमानातून पॅराशूटने टाकली.

दादाचा यावर ठरलेला जबाब असतो: "पण पोट भरलेलं असतं तर गेले असते का?" त्याला मी २०११ चं उदाहरण देतो. त्याच वर्षी जुलैमध्ये सोमालियात दुष्काळ जाहीर झाला, त्या दुष्काळात अडीच लाखांवर माणसं मेली. भूक भीषण होती. आणि चाचेगिरी? आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोच्या नोंदीत सोमाली चाच्यांचे २०११ मध्ये २३७ प्रकार, २०१२ मध्ये ७५, २०१३ मध्ये १५. पोट भरलं म्हणून ते थांबले नाहीत. जहाजांवर बंदूकधारी गार्ड आले, नौदलांनी ढावा धरल्या, पकडलेल्यांवर खटले चालले. आपल्याच नौदलाने त्या काळात शंभराहून जास्त चाचे मुंबईत आणले, २०१७ मध्ये त्यांना सात-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. पुढे २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, नौदलांचं लक्ष तिकडे गेलं, आणि लगेच 'रुएन' हे मालवाहू जहाज पळवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने ३५ चाच्यांना शरण यायला लावलं, जहाजावरच्या सतराही जणांना सोडवलं, आणि चाच्यांना पुन्हा मुंबईत आणलं. पहारा उठला की ते येतात, बसला की जातात. भुकेचा हिशेब असा चालत नाही.

आणखी एक कारण कुणी बोलत नाही, ते म्हणजे जहाजमालक. मालक एका देशाचा, झेंडा पनामा किंवा लायबेरियाचा, क्रू तिसऱ्याच देशाचा. संकट आलं की कुणाच्या सरकारने धावायचं ते ठरेपर्यंत महिने जातात. 'आइसबर्ग १' २०१० च्या मार्चमध्ये पकडलं गेलं, मालकाने वाऱ्यावर सोडलं, माणसं डिसेंबर २०१२ ला सुटली. 'अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर'ची खंडणी एप्रिल २०११ मध्ये दिली, तरी चाच्यांनी सात भारतीय ठेवून घेतले, आपल्या नौदलाने पकडलेल्या साथीदारांच्या बदल्यात. ते ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. त्या सात घरांत काय चाललं असेल याचा विचार केला की मला अजूनही राग आवरत नाही. "गरीब बिचारे चाचे" हे वाक्य मला का सहन होत नाही, ते यावरून समजा. जहाजावरचा फिलिपिनो ऑइलर (इंजिन रूममधला कामगार) किंवा रत्नागिरीचा एबी हाही गरिबाघरचाच असतो.

खंडणी देऊ नये असं म्हणणारेही भेटतात. खंडणीमुळे पुढचं जहाज पकडलं जातं हे खरं आहे. तरीही माणसं आत असताना ती द्यायलाच हवी. ज्याचं कुणी आत नाही त्याने यावर बोलू नये.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे सगळं मी सोमालियावरून बोलतोय, प्रत्येक किनारा वेगळा आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत बेटांच्या गर्दीत रात्री चढून दोर-पेंट-स्पेअर पार्ट चोरणारे बरेच, तिथे गरिबीचा वाटा जास्त मानता येईल. पण १९९९ मध्ये तिकडचंच 'अलोन्ड्रा रेनबो' ॲल्युमिनियमसकट पळवलं, नाव बदलून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणलं, ते काम मोठ्या टोळीचंच होतं. आपल्या नौदलाने आणि कोस्ट गार्डने ते धरलं, मुंबईत शिक्षाही झाली, आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नव्हता, तो २०२२ मध्ये झाला. नायजेरियाचं आणखी वेगळं. नायजर डेल्टात १९५६ ला तेल सापडलं, खाड्या तेलाने खराब झाल्या, पुढाऱ्यांनी निवडणुकीत पोरांना बंदुका दिल्या आणि नंतर वाऱ्यावर सोडलं. ते जहाज ठेवत नाहीत, माणसं उचलून खाडीत नेतात. २०२० मध्ये जगभरात जहाजांवरून पळवलेल्या १३५ जणांपैकी १३० त्या गिनीच्या आखातातले होते.

तुमच्या भावाबद्दल. एजंटकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का ते आधी बघा, नसेल तर पैसे कितीही देवोत, जाऊ देऊ नका. मालक कोण, झेंडा कुठला, युनियनचा करार आहे का, हे साइन ऑन करण्यापूर्वी, म्हणजे जहाजावर रुजू होण्याआधी, विचारायला सांगा. करार असेल तर ठरावीक धोक्याच्या भागात जायला नकार देण्याचा हक्क मिळतो. आणि वायर, गार्ड, सिटाडेल (हल्ल्यात लपायची मजबूत खोली) यांवर पैसे वाचवणाऱ्या कंपनीत दुसरं काँट्रॅक्ट करू नये.

दादाचं म्हणाल तर गेल्या हंगामात त्याने आणि गावातल्या लोकांनी एलईडी दिवे लावून मासे ओढणारी एक बोट धरली. भर रात्री, सगळे तापलेले. तरी तिच्यावरच्या खलाशांना कुणी हात लावला नाही, बोट बंदरात आणून मत्स्य विभागाकडे दिली. नंतर तारखांना जाऊन जाऊन दादा वैतागला, साहेबांना शिव्या घालतो. घालू दे. गस्तीच्या बोटी वाढवा, रिकाम्या जागा भरा, यासाठी तो मोर्चा काढणार असेल तर मीही येतो. पण ती बोट त्याने ज्या कचेरीत नेऊन दिली, तशी कचेरी एयलमध्ये नव्हती, आणि आमच्या वादात मी त्याला एवढंच सांगत आलोय.