पावसात समोरच्या काचेचं बटण दाबलं की एसी आपोआप चालू होतो आणि बंदच होत नाही, हा गाडीतला बिघाड आहे का?

तुम्ही लिहिलंय की गाडी नवीन आहे, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली, म्हणजे तापमान लावलं की एसी, हीटर आणि पंखा गाडीच सांभाळते, कुंभार्ली घाटात काच आतून धुरकट झाली म्हणून डिफॉगरचं बटण दाबलं तर एसीचा दिवा आपोआप लागला, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणं) बंद झालं, पंखा जोरात सुटला आणि एसी बंद करायला गेलात तर होईना. तापमान २६ वर लावलेलं, बाहेर गारठा, मागे लहान मुलगी, आणि वर्कशॉपवाला म्हणतोय एसीच्या बटणांचं अख्खं पॅनल बदलावं लागेल.

पॅनल बदलू नका, निदान एवढ्यावरून तरी नको. हा बिघाड नाहीये, बऱ्याच गाड्या मुद्दाम अशाच बनवलेल्या असतात. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढा, डिफॉगरच्या पानावर बहुतेक हेच लिहिलेलं सापडेल.

आपल्या डोक्यात एसी म्हणजे गारवा हे इतकं पक्कं बसलंय की त्याचं दुसरं काम लक्षातच येत नाही, ते म्हणजे हवा कोरडी करणं. पावसात गाडीत चार माणसं बसली, कपडे ओले, छत्री ओली, पायाखालची मॅट ओली, वर चौघांचा श्वास, ही सगळी वाफ गार काचेला लागली की तिथे पाणी होऊन बसते. आता २४ डिग्रीची हवा एका घनमीटरला जास्तीत जास्त साधारण २२ ग्रॅम वाफ धरते, तीच ५ डिग्रीला आणली तर जेमतेम ७ ग्रॅम. डॅशबोर्डच्या मागे एसीची कूलिंग कॉइल असते ती तेवढीच थंड असते, हवा तिच्यातून गेली की जास्तीचं पाणी कॉइलवरच उतरतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना अगदी तसं, आणि ते नळीतून खाली रस्त्यावर जातं. एसी लावून गाडी उभी केली की खाली जे पाण्याचं थारोळं दिसतं ते हेच, म्हणजे तुमच्या काचेवर बसू शकलं असतं ते पाणी.

आणि मुलीला थंडी वाजेल ही तुमची काळजी, तर ही कोरडी झालेली हवा कॉइलनंतर हीटरकडे जाते. हीटरमधून इंजिनचं गरम पाणी फिरत असतं, ८०-९० डिग्रीचं, आणि मध्ये एक झडप असते जी किती हवा हीटरवरून न्यायची ते ठरवते. तुम्ही २६ लावलंय तर गाडी आधी हवा गार करून कोरडी करते आणि मग परत गरम करून देते. म्हणून एसीचा दिवा लागलेला असूनही काचेवर येणारी हवा कोमट लागते, तिथल्या फटीवर हात धरून बघा. थोडं पेट्रोल जास्त जातं हे खरं, पण घाटात समोरून एसटी येत असताना काच स्वच्छ असणं याच्यापुढे तो हिशोब मी तरी करत नाही, आणि कळकळीने सांगतो तुम्हीही करू नका. एका हाताने फडक्याने काच पुसत गाडी चालवणारे लोक मी दर पावसाळ्यात बघतो आणि खरंच धडकी भरते.

रिसर्क्युलेशन बंद होतं ते पण त्याचसाठी, नाहीतर आपल्याच श्वासाची दमट हवा परत परत फिरत राहते. बाहेर पाऊस असला तरी बाहेरची हवा आधी कॉइलवरूनच आत येते, त्यामुळे ती कोरडी होऊनच काचेवर जाते.

आता एक गोष्ट जी खूप जणांना चकवते. कोकणात उतरल्यावर कधीकधी डिफॉगर लावूनही काच आणखी धुरकट होते. तेव्हा काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर वाफ आतल्या बाजूला आहे, वर सांगितलंय तेच करा. रेघ उमटलीच नाही तर वाफ बाहेरून बसलीये, कारण तुम्ही एसी खूप गार ठेवलाय, गार हवा काचेवर सोडलीये, आणि बाहेरची खाली कोकणातली दमट हवा त्या गार काचेवर येऊन बसतेय. तिथे वायपर एकदा मारा, तापमान २५-२६ करा, हवेचा रोख काचेवरून काढून अंगाकडे करा. बटण तेच पण उपाय बरोब्बर उलटा, म्हणून आधी बोट फिरवून बघायचं.

बाकी ऑटो मोडमधल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचं मूळ सेन्सरमध्ये असतं. डॅशबोर्डवर काचेजवळ काळा छोटा उंचवटा दिसतो तो बऱ्याच गाड्यांत उन्हाचा सेन्सर असतो, त्यावर मोबाईल किंवा गणपतीची मूर्ती ठेवली तर गाडीला वाटतं ऊन नाहीये आणि भर दुपारी पंखा मंद राहतो. मूर्ती थोडी बाजूला सरकवा एवढंच. थंडीत सकाळी ऑटो लावलं तर पहिली काही मिनिटं पंखा जवळजवळ बंदच असतो, ते पण बरोबरच आहे, इंजिनचं पाणी तापायच्या आधी जोरात हवा सोडली तर गारच लागणार.

माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो. पुढचा बंपर रंगवून आणला आणि दुसऱ्या दिवसापासून एसी मेला. सांगलीतला मे महिना, घामाच्या धारा. वर्कशॉपने सांगितलं गॅस गेलाय, भरला, पैसे घेतले, तरी काही नाही, मग म्हणाले कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, गेला असेल. तेव्हा बायकोने सहज विचारलं की अहो, हे स्क्रीनवर बाहेरचं तापमान उणे ४० का दाखवतंय. बंपरच्या मागे बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असतो, त्याचा कनेक्टर परत लावायचा राहून गेला होता. गाडीला वाटत होतं बाहेर बर्फ पडतोय आणि एवढ्या थंडीत कॉम्प्रेसर चालवायचा नाही असं तिच्यात भरलेलंच असतं. कनेक्टर खटकन बसवला, दोन मिनिटांत एसी गार. त्या दिवसापासून मी गाडी विचित्र वागली की आधी बघतो तिला काय दिसतंय, आणि मग पाना हातात घेतो.

खरा बिघाड कधी समजायचा ते पण सांगतो. डॅशबोर्डच्या मागून टक टक टक आवाज येतो आणि एका बाजूने गार, दुसऱ्या बाजूने गरम हवा येते, तर झडपेची मोटर गेली असणार, ती छोटी असते, पूर्ण पॅनलची गरज नसते. काचेवर आतून चिकट तेलकट थर बसतो आणि गोडसर वास येतो तर हीटरमधून कूलंट, म्हणजे ते वर सांगितलेलं इंजिनचं पाणी, गळतंय, ते मात्र ताबडतोब दाखवा कारण कूलंट कमी झालं की इंजिन तापतं. आणि एसी चालू असून गाडीखाली पाणीच पडत नसेल, तेही भर पावसाळ्यात, तर पाण्याची नळी चोंदलेली असू शकते, मग ते पाणी आतच सांडतं, मॅट ओली राहते, आणि तुम्ही कितीही डिफॉगर लावा काच परत परत धुरकट होत राहते. पुढच्या वेळी घाटात निघायच्या आधी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट उचलून खालच्या कार्पेटवर तळहात दाबून बघा. ओलं लागलं तर नळी साफ करून घ्या, काम छोटंच असतं.