पीएसएलव्हीच्या मॉडेलला फिन लावायचे कसे?

डोंबिवलीकर, तुमचा पेच असा की १:५० चं पीएसएलव्ही उडवायचंय, पण मूळ रॉकेटला फिन (सरळ उडावं म्हणून बुंध्याला लावतात ते पंख) नाहीत आणि लावले तर रूप जातं. खऱ्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात नॉझलमध्ये बाजूने द्रव सोडून झोत वळवतात. आपल्याकडे तसली सोय नाही, तेव्हा फिन लागणारच. पारदर्शक करा.

या मापात ४४ मीटरचं रॉकेट ८८ सेंमी होतं, बुंधा ५६ मिमी. पण ३.२ मीटरचं उष्णताकवच ६४ मिमीचं, म्हणजे डोकं धडापेक्षा जाड. त्यामुळे दाबमध्य, म्हणजे हवेचा जोर ज्या बिंदूवर एकवटतो तो, पुढे सरकतो. गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट जिथे तोलून धरता येतं तो बिंदू, त्याच्यापुढे निदान धडाचा एक व्यास हवा. मी दीड धरतो. आणि गुरुत्वमध्य मोटर (रॉकेट उडवणारं इंधनाचं नळकांडं) बसवून मोजा, रिकाम्या रॉकेटवर नाही. दाबमध्य काढायला ओपनरॉकेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आता फिन. बहुतेक जण मुळाशी, म्हणजे नळीला चिकटतात तिथे, लांब आणि बाहेर आखूड करतात, म्हणजे 'दिसत नाहीत'. उलटं करा: मूळ बेताचं, पसारा बाहेर. बाजूच्या बूस्टरांचा व्यास मॉडेलात २० मिमी येतो, तेवढ्या भागातली हवा तशीही ढवळलेली असते. खरं काम त्याच्या बाहेरचा भाग करतो. अगदी सोपं हवं असेल तर बूस्टर नसलेलं 'कोअर अलोन' रूप करा.

ॲक्रिलिक घेऊ नका, उतरताना तडकतं. दीड मिमी पॉलिकार्बोनेट घ्या. नळीत खाच ठेवून फिन सरकवता येतील असे बसवा, उडवताना लावायचे आणि कपाटात ठेवताना काढायचे. चिकटवायचेच असतील तर मुळाशी पॉलिश पेपर मारून मगच इपॉक्सी.

तरी गुरुत्वमध्य मागे राहिला तर नाकात वजन. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याचं शिसं मिळतं, ते इपॉक्सीत बुडवून पक्कं करा. नंतर हात धुवा. जास्तही भरू नका, मोटरला झेपलं पाहिजे.

पावसाळ्यात पुठ्ठ्याची नळी आपल्याकडे दमटपणाने फुगते, त्यामुळे आतूनबाहेरून सीलर मारा.

मुंबईत उडवायचं मनात आणू नका, सांताक्रूझ आणि जुहू दोन्ही विमानतळ डोक्यावर आहेत. परवानगी घेऊन लांबच्या मोकळ्या मैदानावर सकाळी जा. दुपारी खारा वारा सुटला की फार मोठे फिन असलेलं रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे वळतं. उड्डाणाला आधार देणारी उभी सळई सोडताना रॉकेटचा वेग सेकंदाला १५ मीटरच्या आसपास हवा. तो कमी पडत असेल तर फिन मोठे करू नका, सळई लांब घ्या.