मित्रांना व्हिज्युअल नॉव्हेलची गोडी लावायची तर

भाऊ, व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे चित्रं आणि संगीतासोबत वाचत वाचत खेळायची गोष्ट, म्हणून ‘यात नुसतं वाचावंच लागते का बे?’ हा प्रश्न येणारच. त्यावर वाद घालू नको, माऊस त्यांच्या हातात दे.

पहिल्याच दिवशी ‘क्लॅनाड’सारखी लांबलचक कथा काढू नको. स्वतः कितीही रडला असशील तरी नाही! माझं मत विचारशील तर सुरुवात ‘एस अटर्नी’ने कर, त्यात वकील होऊन खटले लढायचे असतात. जपानमध्ये ही खेळांची मालिका 2001 मध्ये आली, पहिल्या तीन भागांचा संच 2019 पासून पीसीवर मिळतो. पहिला खटला छोटा आहे आणि खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं. साक्षीदार मृतदेह पाहिल्याची जी वेळ सांगतो, ती शवविच्छेदन अहवालाशी जुळत नाही. तिथे तू गप्प बस. उत्तर तोंडावर आलं तरी गिळ. ती विसंगती त्यांची त्यांना सापडली की पुढचा खटला तेच मागतील. हायकोर्टाचं खंडपीठ असलेल्या आपल्या गावात वकिलीची आवड असलेला एखादा मित्र असतोच, आधी त्याला धर.

मे महिन्याची दुपार उत्तम, कोणी बाहेर पडत नाही. पण कूलरच्या घरघरीत संगीत बुडतं, म्हणून स्पीकर जोड. पात्रं वाटून मोठ्याने वाचा, मराठीत सांगत गेलात तरी चालेल.

‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ या दुसऱ्या व्हिज्युअल नॉव्हेलची 2017 ची मूळ आवृत्ती फुकट आहे, पण त्यात आत्महत्येचा विषय आहे. ते आधी सांगायचंच.