विचारा, सांगते : होम स्क्रीनला लागलेलं कुलूप

या खेपेच्या टपालात बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. म्हणून पहिलं पत्र जसंच्या तसं छापायला दिलंय, बाकीची थोडक्यात.

प्रश्न : ताई, रामराम. माह्या पोरानं दिवाळीत पुण्यावरून सॅमसंगचा नवा फोन आनून देल्ला. त्याच्यात ई-पीक पाहणीचं ॲप पार मांगच्या पानावर जाऊन बसलं. ते समोर आनाले गेलो, बोट दाबून धरलं, का खाली इंग्रजीत एक पट्टी येते आन वाचाच्या आंधी निंगून जाते. ॲप जागचं हालत नाही. तालुक्याच्या दुकानात दाखवलं तं तो म्हणे सॉफ्टवेअर मारा लागते, पाचशे रुपये लागतीन, आन फोटोबिटो सारे जाईन. मारू का?
— एक कास्तकार, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : काकाजी, मारू नका. पाचशेही वाचवा. फोनला काहीएक झालेलं नाही. त्या पळून जाणाऱ्या पट्टीत एवढंच लिहिलेलं असतं की होम स्क्रीनची मांडणी लॉक आहे, ती सेटिंगमधून उघडा. म्हणजे दुखणं काय आणि औषध कुठे, दोन्ही फोन स्वतःच सांगतो, पण इंग्रजीत आणि घाईत. पुढच्या वेळी अशी पट्टी आली की चष्मा हाताशी ठेवून तोच प्रकार पुन्हा करा, पट्टी पुन्हा येते. काही फोनांत पट्टीच्या उजव्या टोकाला 'सेटिंग्ज' असं लिहिलेलं असतं. त्यावर बोट पडलं तर थेट त्या बटणापाशीच पोचता.

नाही पोचलात तर असं करा. होम स्क्रीनवर जिथं कुठलंच ॲप नाही अशी मोकळी जागा बघून तिथं बोट दाबून धरा. पानं गच्च भरलेली असतील तर पडद्यावर दोन बोटं ठेवून चिमटीसारखी जवळ आणा, तेच होतं. पान बारीक होतं आणि खाली वॉलपेपर, थीम, विजेट असे पर्याय दिसतात. त्यांच्या शेवटी 'सेटिंग्ज' असतं. ते उघडलं की यादीत 'लॉक होम स्क्रीन लेआउट' सापडेल. त्याच्या पुढचं बटण तुमच्याकडे निळं असणार. एक टिचकी मारा, राखाडी झालं की कुलूप निघालं. फोनच्या मुख्य सेटिंग्जमध्ये जाऊन 'होम स्क्रीन' उघडलं तरी हीच यादी येते.

आता ॲप हलवायचं. खरी मेहनत इथं आहे, कारण माझ्या केंद्रावर येणारी बहुतेक मंडळी इथंच अडतात. ॲपवर बोट दाबून धरलं की एक छोटी यादी उघडते. यादी आली म्हणून आपण बोट उचलतो. उचलायचं नाही. बोट तसंच टेकवून ठेवून ॲप ओढायचं, यादी आपोआप नाहीशी होते. मागच्या पानावरून पुढच्या पानावर आणायचं असेल तर ॲप पडद्याच्या काठापर्यंत न्या आणि तिथं जरा थांबा, पान आपसूक सरकतं. मोकळ्या जागेवर आलं की मग बोट सोडा. घाई केली तर ॲप दुसऱ्या ॲपवर पडतं आणि दोघांचं मिळून एक फोल्डर होतं. झालं तर होऊ द्या. फोल्डर उघडा आणि आतलं ॲप धरून बाहेर ओढा.

पऱ्हाटीच्या वेचणीत बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात, कातडी कोरडी झालेली असते, त्यात पडद्यावर जाड काच बसवलेली. अशा बोटाचा स्पर्श मध्येच तुटतो आणि ओढत आणलेलं ॲप भलतीकडेच पडतं. सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले'च्या आत 'टच सेन्सिटिव्हिटी' आहे, ते चालू करा. ते जाड काचेसाठीच दिलेलं आहे. आणि उलट त्रास असेल, म्हणजे साधं बोट लागलं तरी ॲप सुटून हातात येत असेल, तर 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'टच अँड होल्ड डिले' शोधा. बोट किती वेळ धरलं की ते दाबून धरलं असं समजायचं, हे तिथं वाढवता येतं.

समोर काय ठेवायचं हा तुमचा प्रश्न, पण विचारलं नसलं तरी सांगते. ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली तेव्हापासून पीकपेरा आपणच नोंदवतो. फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो. श्रावणातल्या उन्हात, सोयाबीनच्या धुऱ्यावर, पडदा धड दिसत नसताना चौथ्या पानावरचं ॲप शोधणं म्हणजे वैतागच. ते पहिल्या पानावर, अंगठा पोचेल अशा उंचीवर हवं. त्याच्या शेजारी 'दामिनी' ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं ॲप आहे, आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर इशारा देतं, फक्त फोनचं लोकेशन चालू लागतं. पेरणीच्या दिवसांत वावरात असणाऱ्या माणसाच्या फोनात ते नसणं मला पटत नाही.

सगळं मनासारखं लागलं की परत त्याच बटणाकडे जा आणि कुलूप लावून टाका. हो, परत लावा. कंपनीतून येताना हे सहसा बंद असतं, म्हणजे तुमच्या मुलानंच लावलं असणार, आणि त्याचं बरोबरच आहे. फोन वाजला, बोलणं झालं, पडदा चालू असतानाच सदऱ्याच्या खिशात टाकला, वरून घाम. संध्याकाळी बघावं तर फोन करायचं चिन्हच गायब. कुलूप असलं की हे होत नाही. ॲप उघडतात, फोन लागतो, सगळं चालतं, फक्त कुणी जागा हलवू शकत नाही आणि पडद्यावरून काढू शकत नाही. पैशाच्या ॲपला मात्र याचं संरक्षण नाही, त्याचा पिन वेगळा आणि तो कुणाला सांगायचा नाही.

पोराला मात्र एक बोल लावा. पुण्या-मुंबईची मुलं फोन आणून देतात, सगळं लावूनही देतात आणि काय लावलं ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, 'बाबा, तुम्ही त्याला हात नका लावू.' हात न लावता फोन वापरायचा कसा, ते एकदा त्यालाच दाखवायला सांगा.

आणि दुकानदाराचं. सॉफ्टवेअर मारलं असतं तर कुलूप निघालं असतं हे खरं, कारण फोन पुसून कोरा केला की प्रत्येक सेटिंग मूळपदावर येतं. पण दाराची कडी निघत नाही म्हणून भिंत पाडल्यासारखं ते झालं. नातवंडांचे फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ, फोनच्या मेमरीत साठवलेले नंबर, सगळं त्या भिंतीबरोबर गेलं असतं.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचा फोन आहे त्यांच्यासाठी : रेडमी आणि पोकोत सेटिंग्जमध्ये 'होम स्क्रीन' उघडा, त्यात हेच बटण आहे. ओप्पो, रियलमी आणि विवोत होम स्क्रीन आणि लॉक स्क्रीन एकाच मथळ्याखाली असतात, त्यात शिरा. नावं दर अपडेटला थोडी बदलतात, म्हणून पाठ करत बसू नका. सेटिंग्जच्या वर भिंगाचं चित्र असतं, त्यात 'लेआउट' एवढंच टाका, बटण समोर येतं. फोनची भाषा इंग्रजी असेल तर अक्षरंही इंग्रजीच टाकावी लागतील. नातवाला सांगा.

प्रश्न : नातू खेळता खेळता व्हॉट्सॲप पुसून बसला. मुलगी नागपूरला असते, तिच्याशी त्यावरच बोलते. परत येईल का? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?
— एक आजी, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : आजी, आधी पुसलंय की नुसतं नजरेआड गेलंय ते बघू. होम स्क्रीनवर बोट खालून वर सरकवा. सगळ्या ॲपची मोठी यादी उघडली तर त्यात व्हॉट्सॲप शोधा. दिसलं म्हणजे नातवानं 'रिमूव्ह' दाबलं होतं, नुसतं पडद्यावरचं चिन्ह गेलं. यादीतल्या व्हॉट्सॲपवर बोट दाबून धरा आणि ओढून परत समोर आणा, गप्पा जशाच्या तशा असतील.

यादीतही नसेल तर 'अनइन्स्टॉल' झालंय. काही फोनांत अशी वेगळी यादीच नसते, सगळी ॲप होम स्क्रीनवरच पसरलेली असतात. तिथं पडद्यावरून काढणं म्हणजे फोनातून काढणं. अशा घरात लहान मूल असेल तर कुलूप हवंच. प्ले स्टोअरमधून व्हॉट्सॲप पुन्हा घ्या आणि जुनाच नंबर टाका. ते मध्येच विचारेल, जुना बॅकअप आणू का? तिथं 'रिस्टोअर' दाबायचं. 'स्किप' दाबून पुढे गेलात तर जुन्या गप्पा आणि लेकीनं पाठवलेले फोटो तिथंच राहतील. म्हणून हे काम एकटीनं उरकू नका, लेकीला साध्या फोनवर लावून ठेवा आणि ती सांगेल तसं करा. बॅकअप कधी घेतलेलाच नसेल तर जुनं येणार नाही, पण लेक आजच्या आज बोलू लागेल हे नक्की.

मग वर काकाजींना सांगितलं ते बटण चालू करा. डोळ्यांना त्रास होत असेल तर सॅमसंगमध्ये 'डिस्प्ले'च्या आत 'ईझी मोड' आहे, अक्षरं आणि चिन्हं मोठी होतात. आणि नातवाला फोन द्यायचाच असेल तर जेवताना देऊ नका. हे फोनबद्दल नाही, माझं मत आहे.

प्रश्न : तुम्ही मागे सांगितलं तसं लॉक बंद केलं, तरी ॲप हलत नाही. बोट दाबलं की नुसता थरथरतो फोन.
— एक शिक्षक, ता. देवरी, जि. गोंदिया

उत्तर : सर, आधी फोन बंद करून चालू करा. होम स्क्रीन हेही एक ॲपच आहे, तेही अडकतं. त्यानं नाही सुधारलं तर सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडा, सॅमसंग असेल तर 'वन यूआय होम', इतर फोनांत 'लाँचर' नावाचं काही दिसेल, त्याच्या 'स्टोरेज'मध्ये 'क्लिअर कॅश' दाबा. त्याच्या शेजारी 'क्लिअर डाटा' असतं, त्याला बोट लावू नका. फोटो जाणार नाहीत, पण पडद्याची सगळी मांडणी, फोल्डर, विजेट पहिल्या दिवसासारखे होतील.

प्रश्न : मला कामासाठी मिळालेल्या फोनात होम स्क्रीनवर ठरावीकच ॲप आहेत. लॉकचं बटण सापडलं, पण ते फिकट आहे, दाबलं जात नाही. खाली 'आयटी ॲडमिन' असं काहीतरी येतं. भावजी म्हणतात रिसेट मारू.
— एक कर्मचारी ताई, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भावजींना थांबवा. हे कुलूप तुमच्या फोनात लावलेलं नाही, ज्यांनी फोन दिला त्यांनी वरून लावलंय. असे फोन दूरवरून सांभाळायची सोय अँड्रॉइडमध्येच आहे. कुठली ॲप दिसावीत, मांडणी बदलता यावी की नाही, हे तिकडून ठरतं. रिसेट मारलं तरी फोन सुरू होताना बहुधा त्याच व्यवस्थेत परत जातो, आणि न पाठवलेली नोंद मात्र जाते. ज्यांच्याकडून फोन मिळाला त्यांनाच लेखी कळवा, कुठलं ॲप समोर हवं आणि कशासाठी ते लिहा. हप्त्यावर घेतलेल्या फोनात फायनान्सवाल्याचं ॲप असतं, तिथलंही असंच समजा. त्यावर 'अनलॉक करून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांना फोन देऊ नका.

प्रश्न : माझ्या होम स्क्रीनचं रूपच बदललंय. ॲप रोज वेगळीकडे, मध्ये मध्ये जाहिराती, खाली बातम्या. लॉकचं बटण कुठेच नाही.
— बारावीतला विद्यार्थी, ता. जिवती, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, तू थीम किंवा फॉन्टचं एखादं फुकटचं ॲप टाकलं असशील. त्यानं फोनची मूळ होम स्क्रीन बाजूला सारून स्वतःची बसवली. सेटिंग्ज, ॲप्स, 'डिफॉल्ट ॲप्स', 'होम ॲप' असा जा. तिथं दोन नावं दिसतील, कंपनीचं जे आहे ते निवड. जुनी मांडणी लगेच परत येईल. मग त्या दुसऱ्याला अनइन्स्टॉल कर. बटण फिकट असेल तर सेटिंग्जच्या शोधात 'डिव्हाइस ॲडमिन' टाक, तिथं त्याच्यापुढची खूण काढ आणि पुन्हा प्रयत्न कर. जाहिराती मध्ये येऊन काहीच करू देत नसतील तर फोन बंद करण्याचा पर्याय पडद्यावर आणून त्यावरच बोट दाबून धर, बहुतेक फोनांत 'सेफ मोड' विचारतो. त्यात तू टाकलेली ॲप झोपलेली असतात, तेवढ्यात काढून घे आणि फोन पुन्हा चालू कर.